पुजलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीच्या सकाळी ज्ञानबा शिपायानं ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या काचेवर ओल्या कुंकवानं सरस्वती काढली. पाटीवर काढतात तशीच, एकाचे आकडे मांडून. की-बोर्डावर हळद-कुंकू वाहिलं, माऊसवर झेंडूचं फूल ठेवलं, प्रिंटरला अख्खा हार घातला. मग नारळ फोडला आणि त्याचं पाणी तीर्थ म्हणून सगळीकडं शिंपडलं. वेणीमाधव खुर्चीत रेलून बघत होते. पाणी जिथं पडू नये तिथंच पडतंय हे त्यांना दिसत होतं, पण सांगायचं तर उठावं लागलं असतं.

वेणीमाधव सन्मार्ग प्रशालेचे हेडक्लार्क. शाळा शुक्रवार पेठेत, घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर, आणि निवृत्तीला अकरा महिने उरलेले. एकतीस वर्षांच्या नोकरीतली पहिली पंधरा रजिस्टरांत गेली, पुढची सोळा कॉम्प्युटरपुढं, आणि माणूस जो थकला तो या सोळांत. मुलींची हजेरी एका साइटवर, खिचडीचा तांदूळ दुसऱ्या, आधार कार्डं तिसऱ्या, पुस्तकं चौथ्या. एक ना धड भाराभर चिंध्या. प्रत्येक साइटचा पासवर्ड वेगळा आणि तो बदला म्हणून दर महिन्याची धमकीही वेगळी. रजिस्टर कधी म्हणालं नव्हतं की तुमची वेळ संपली, आता पुन्हा पहिल्यापासून लिहा. संध्याकाळी घरी बायकोनं, यशोदाबाईंनी, भाजी कुठली करू विचारलं तरी त्यांच्या तोंडून "थांब, लोड होतंय" असं निघायचं.

म्हणून त्यांना आजच्या दिवसाचं अप्रूप होतं. पाटी पुजली की त्या दिवशी अभ्यास करायचा नाही, हे अभ्यास न करणाऱ्या पोरांनाही पाठ असतं. पुजलेल्या पुस्तकाला, हत्याराला, मागाला त्या दिवशी विश्रांती. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मग हात लावायचा. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत टॉवेलाचे माग एक दिवस गप्प बसतात, मग आपल्या कॉम्प्युटरनं काय घोडं मारलंय, असा मुद्दा गेल्या वर्षी वेणीमाधवांनीच काढला होता. तो लगेच मान्य झाला. एका अर्थानं देवाच्या नावावर त्यांनी स्वतःचीच रजा मंजूर करून घेतली होती.

मान्य व्हायला कारण होतं. सगळी शाळाच त्या कॉम्प्युटरला भीत होती. "त्याला ऐकू येतं. शिवी दिली की डूख धरतो," असं वेणीमाधव जो भेटेल त्याला सांगायचे. ज्ञानबाला ते ताबडतोब पटलं. झाडताना त्याचा पाय एकदा बॅटरीच्या खोक्याला लागला होता आणि त्याच आठवड्यात हजेरीतून त्याचं नाव गायब झालं होतं. तेव्हापासून तो चपला दाराबाहेर काढून आत यायचा. मुख्याध्यापिका धनलक्ष्मी मॅडम फिजिक्सच्या एम.एस्सी. त्या आधी हसल्या. पण एकदा ऑफिसात बसून त्या बहिणीशी फोनवर मिक्सरबद्दल बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडावा तर पडदाभर मिक्सरच मिक्सर. त्या दिवशी मॅडमनी कॅमेऱ्यावर जखमेची चिकटपट्टी लावली. पुढं कॉम्प्युटरची तक्रार करायची झाली की त्या आवाज खाली आणून आपल्या घरच्या तेलुगूत करू लागल्या. त्याला मराठी येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

गेल्या खंडेनवमीला श्रावणी मॅडमनं पुजलेल्या कॉम्प्युटरवर सहामाहीचा पेपर टाइप केला. पेपर उडाला आणि कॉम्प्युटर दिवाळीपर्यंत उठला नाही. पेठेतली वीज त्या दुपारी तीनदा गेली-आली होती, आतला एक भाग जळला होता, दुरुस्तीवाल्यानं तो काढून वेणीमाधवांच्या हातातही दिला होता. त्यांनी तो खिशात टाकला. "पूजा मोडली, ते नडलं," एवढंच बाहेर येऊन म्हणाले.

आता हा माणूस लबाड होता का? होता, पण आवडीनं नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची वेळ त्यांच्यावर एकदा आली आणि मग ते वाकडं अंगण त्यांना जन्मभर सांभाळत बसावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी दहावीचे फॉर्म भरताना एकसष्ट मुली होत्या. सोनाली नावाच्या मुलीची आधारवरची जन्मतारीख दाखल्याशी जुळेना, म्हणून तिचा कागद वेणीमाधवांनी उद्या बघू म्हणून बाजूला ठेवला. त्या दिवशी त्यांना ताप होता. उद्या तांदळाचा अहवाल आला, परवा आधारचा. सोनालीचा कागद कपाटात इतर कागदांखाली गेला, आणि तारीख गेली. फेब्रुवारीत हॉल तिकिटं आली ती साठ. मुलीचा बाप मंगळवेढ्याकडून धावत आला. वेणीमाधवांनी त्याच्यापुढं, मॅडमपुढं, कॉम्प्युटरकडं बोट केलं आणि म्हणाले, "मशीननं नाव खाल्लं."

सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. कोणी उलटून एक प्रश्न विचारला नाही. एवढी मोठी चूक एवढ्या स्वस्तात पचली याचीच वेणीमाधवांना भीती बसली, आणि ती पचलेलीच राहावी म्हणून ते मशीनच्या रागाच्या गोष्टी सांगत सुटले. सोनाली शाळा सोडून मेंढरांमागं गेली, असं पुढं कानावर आलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या रात्री जेवले.

हे सगळं आजच आठवायला कारण घडलं. दुपारी पावणेचारला, शाळा सुटून मुली पाट्या घेऊन घरी गेल्यावर, ऑफिसच्या दारात एक पटकेवाला माणूस आणि त्याच्यामागं ओढणी डोक्यावर घेतलेली मुलगी उभी राहिली. सोनाली आणि तिचा बाप येडू. येडूच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेले कागद होते.

"रामराम, भाऊसायेब," येडू म्हणाला. "सतरा नंबरचा फाराम भरायचा हाय पोरीचा."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळा सुटलेल्या पोरापोरींना घरून दहावी देता यावी म्हणून असतो तो. सन्मार्ग प्रशाला त्याचं केंद्र होती. फॉर्म केंद्राच्याच कॉम्प्युटरवरून जायचा, आणि त्याची मुदत आज साडेपाचला संपत होती.

"आजच आलात?" वेणीमाधव म्हणाले.

"मेंढरं घिऊन लांब हुतो. माजी भन शिवबाई हितं ऱ्हाती, तिनं परवा फोन केला की आज शेवट हाय. यस्टीनं बी वाटंत दोन तास खाल्लं." येडूनं पिशवी टेबलावर ठेवली. "ह्या साली न्हाय झालं तर पुढं न्हाय व्हायाचं. सोयरीक आलीया. पावनं म्हंत्यात धावी झाली तर शिकवू फुडं, न्हाय झाली तर ह्याच वैशाखात उरकून टाकू."

सोनाली कॉम्प्युटरकडं बघत होती. काचेवरची सरस्वती आता वाळून तिच्या कडा निघाल्या होत्या.

ज्ञानबा मधे आला. "आज हात लावता येत न्हाय त्येला. पुजलंय. उद्या उत्तरपूजा झाल्यावर या."

"उद्या तारीख न्हाय की."

"ती आमच्या हातात हाय व्हय? गेल्या साली एका मॅडमनं हात लावला, महिनाभर उठलं न्हाय. आज ह्येनं डूख धरला तर सगळ्या शाळेचं फाराम बुडत्याल."

आवाज ऐकून धनलक्ष्मी मॅडम आतल्या खोलीतून आल्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी वेणीमाधवांकडं पाहिलं. "तुम्हीच सांगा, वेणीमाधवराव. तुम्हाला त्याचा स्वभाव माहीत आहे. रिस्क घ्यायची का? बाकीच्या मुलींचा डेटा आत आहे."

वेणीमाधवांना काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं "नको" म्हणायचं, आणि तेही मॅडमच्या तोंडून वदवून घेता आलं असतं. बहाणा तयार होता, हारफुलांसकट. वर आज त्यांची सुट्टी होती, वर्षातली एकुलती एक, आणि पाठ इतकी दुखत होती की त्या खुर्चीकडं बघवत नव्हतं. शिवाय खोटं का बोला, धास्ती त्यांनाही होती. दोन वर्षं ज्याच्या नावावर खोटं खपवलं, तो आज खरंच उलटला तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांचं झालं होतं. स्वतः निर्माण केलेल्या भुताला ते स्वतःच बिचकत होते.

"पूजा मोडणं बरं नव्हे," ते हळूच म्हणाले. "काय करणार, येडूबा. मशीनच्या..."

"भाऊसायेब," येडू म्हणाला. तो चिडला नव्हता. दिवसभर चालून आलेला माणूस बोलतो तसा तो बोलत होता. "दिवाळीच्या पाडव्याला आमी मेंढरं पुजतो. शिंगं रंगवतो, ओवाळतो. पर त्या दिशी बी चारायला सोडतोच की. पुजलं म्हनून उपाशी ठिवलं तर ती कसली पूजा?"

बाहेर कोणाच्या तरी मोटारसायकलला धुवून हार घालत होते, त्या पाण्याचा आवाज येत होता.

वेणीमाधव उठले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, टेबलावरच्या तांब्यात भिजवला आणि काचेवरची सरस्वती पुसायला लागले. कुंकू आधी पसरलं आणि सगळा पडदा लाल झाला. ज्ञानबा "आगं आई गं" म्हणून दाराबाहेर गेला आणि तिथून बघत राहिला. मॅडमनी आपला मोबाइल घट्ट धरला, कारण ओटीपी त्यावर येणार होता आणि त्यांना तोही आज भरवशाचा वाटत नव्हता.

कॉम्प्युटर सुरू झाला. वेणीमाधवांनी साइट उघडली, पासवर्ड घातला आणि फॉर्म समोर आला. आला तो थांबेचना. कोणी हात न लावता पान खाली खाली पळायला लागलं. वर आणावं तर पुन्हा घसरत तळाला.

"बघा!" ज्ञानबा दारातून ओरडला. "सांगत नव्हतो? चिडलं!"

मॅडम तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. वेणीमाधवांचे हात की-बोर्डावरून आपोआप मागं आले. सव्वाचार वाजले होते आणि पान पळत होतं.

सोनाली पुढं आली. तिनं की-बोर्ड उचलला, उलटा केला आणि दोनदा टेबलावर आपटला. हळद, कुंकू, झेंडूची एक पाकळी आणि खोबऱ्याचा एवढासा तुकडा खाली पडला. मग तिनं ओढणीच्या टोकानं बाणाची बटणं पुसली, एक रुतून बसलं होतं ते नखानं वर काढलं. पान जागेवर थांबलं.

"चिकाट झालंय सगळं, सर," ती म्हणाली. "नारळाचं पाणी गेलंय आत."

मग काम सुरू झालं. नाव, आईचं नाव, गाव. जन्मतारीख आता आधारवर सुधारून आली होती. येडूनं त्यासाठी मंगळवेढ्याला चार हेलपाटे घातले होते. फोटो चढेना, तो लहान करावा लागला. साइटनं दोनदा मधेच बाहेर फेकून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं. दोन्ही वेळा वेणीमाधवांना शिवी तोंडात आली आणि त्यांनी ती गिळली नाही, मोठ्यानं दिली. ज्ञानबानं डोळे मिटले. काही झालं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी ते शेवटच्या पानावर आले. तिथं एक रकाना होता : शिक्षण खंडित होण्याचे कारण. त्याखाली स्थलांतर, आजारपण, घरची अडचण, इतर. इतर निवडलं की लिहायला जागा.

"काय लिहायचं?" वेणीमाधवांनी मागं न बघता विचारलं.

"मशीननं नाव खाल्लं म्हनून ल्हिवा की," येडू म्हणाला.

वेणीमाधवांची बोटं तशीच राहिली. स्थलांतर लिहून मोकळं होता आलं असतं, मेंढपाळाच्या मुलीला ते शोभलंही असतं. पण ते लिहिलं असतं तर दोष पोरीच्या घराकडं गेला असता. आधी मशीनकडं, आता मेंढरांकडं. त्यांना या सगळ्याचा एकदम कंटाळा आला, आणि सगळ्यात जास्त कंटाळा स्वतःचा आला. खुर्ची फिरवून ते सगळ्यांकडं तोंड करून बसले.

"मशीननं खाल्लं नव्हतं," ते म्हणाले. "मी तिचा कागद बाजूला ठेवला आणि विसरलो. फॉर्म भरलाच नाही मी. हे डूख धरणं, ऐकू येणं, सगळं माझं. श्रावणी मॅडमचा पेपर विजेनं उडाला होता. ही पूजासुद्धा मी एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून काढली, मॅडम."

"मी दोन वर्षं माझ्याच ऑफिसात दबकून बोलतेय, वेणीमाधवराव," धनलक्ष्मी मॅडम म्हणाल्या. "याचं आपण उद्यानंतर बघू. लेखी लागेल." मग त्यांनी मोबाइल पुढं केला. "ओटीपी आलाय. आधी तो घाला."

वेणीमाधवांनी त्या रकान्यात लिहिलं : शाळेच्या कार्यालयाकडून फॉर्म भरायचा राहिला. खाली आपलं नाव घालायला जागा नव्हती, नाहीतर तेही घातलं असतं. पाच चोवीसला फॉर्म गेला आणि प्रिंटरनं हारासकट गुरगुरत पावती बाहेर काढली.

त्यांनी पावती येडूच्या हातात दिली. येडू रागावेल, निदान चार शब्द सुनावेल, असं त्यांना वाटलं होतं. खरं तर त्यांना ते हवंच होतं.

"मला ठावं हुतं," येडू म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. तुमी बोट मशीनीकडं दावत हुता आन बगत हुता खाली जमिनीकडं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून मानसावर राग धरला असता, तर आज ह्या दारात कुटल्या तोंडानं आलो असतो? पोरीचं नाव तर हितंच अडकल्यालं. मशीनीवर राग ठिवला. सोपं पडलं." त्यानं पटका सावरला. "तुमास्नी बी सोपं पडलं, आमास्नी बी."

सोनाली बापाकडून पावती घेऊन वाचत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला नव्हतं माहीत," ती म्हणाली.

येडूनं तिच्याकडं पाहिलं. वेणीमाधवांनीही.

"मला वाटायचं माझ्याच नावात काय तरी खोट हाय. साठ जणींची घेतली आन माझं तेवढं घेतलं न्हाय मशीननं. आधारात बी चुकलेलं, म्हणून वाटायचं, असंल की कायतरी." ती हे रडवेली होऊन सांगत नव्हती, दोन वर्षं रोज बघितलेली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. "मेंढरांमागं चालताना मी दुसरी नावं शोधायचे. कुठलं ठिवलं तर चालंल म्हणून."

पोरीचं वर्ष गेलं हे वेणीमाधवांना माहीत होतं, तेवढ्याचंच ओझं ते आजवर वाहत होते. "खोट तुझ्यात नव्हती, बाळ," ते म्हणाले. "माझ्यात होती. चुकलो मी."

सोनालीनं पावतीवरच्या नावावरून बोट फिरवलं. "आता ह्ये उडणार न्हाय न्हवं?"

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. या मुलीला त्यांनी नुसतं तोंडानं सांगण्यात आता काय अर्थ होता? त्यांनी बंद करायला घेतलेला कॉम्प्युटर पुन्हा उघडला, स्वतःची खुर्ची तिला दिली आणि आपण बाजूला उभे राहिले. "तूच बघ," म्हणाले. "यादी काढ. तुझ्या डोळ्यांनी बघ."

साइट हळू होती. यादी सापडायला वेळ लागला, आणि सापडल्यावर सोनालीनं ती वरून खाली आणि खालून वर दोनदा वाचली. तिचं नाव दोन्ही वेळा होतं. सहाची मंगळवेढ्याची एसटी निघून गेली. येडू दारात ज्ञानबाशेजारी बसला होता, तो म्हणाला, "बगू दे तिला. आठची हाय की."